फोटो हलतो तेव्हा नेमके काय हलते?

अंधारलेला फोटो थोडाफार उजळता येतो, वाकडा आलेला सरळ करता येतो, रंग बिघडले तर तेही बऱ्याच अंशी सावरता येतात. पण कॅमेरा हलल्यामुळे जो फोटो पुसट झाला, त्यातला हरवलेला तपशील परत आणण्याचा खात्रीचा उपाय नाही. हल्ली मोबाइलमधली आणि संगणकावरची काही ॲप्स असे फोटो स्पष्ट करून देतात, परंतु ती जे दाखवतात त्यातला काही भाग अंदाजाने रेखाटलेला असतो. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कोणी अंदाजाने काढून दिलेल्या मला नको आहेत. म्हणून फोटो काढतानाच तो हलू न देणे, एवढा एकच मार्ग मला भरवशाचा वाटतो, आणि तो फारसा खर्चाचाही नाही.

आमच्या बेळगाव-खानापूर भागात हौसेने फोटो काढणारी तरुण मुले आता गावोगावी आहेत. लग्न, यात्रा किंवा वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक झाली की त्यांच्यापैकी कोणीतरी फोटो दाखवायला येतो आणि हमखास म्हणतो, “काका, कॅमेराच बदलायला पाहिजे की ओ!” मी त्याला आधी फोटो मोठा करून पाहायला लावतो, कारण पुसट फोटोची कारणे वेगवेगळी असतात आणि कारण चुकीचे धरले तर उपायही चुकतो. फोटोतली प्रत्येक वस्तू एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसत असेल आणि दूरच्या दिव्यांच्या ठिपक्यांच्या रेघा किंवा हुकासारखी वळणे झाली असतील, तर कॅमेरा हलला आहे. मागची भिंत, कमान, दुकानाची पाटी स्वच्छ वाचता येते आणि फक्त लेझीम खेळणाऱ्या मुलीचे हात पुसट आहेत, तर हलली ती मुलगी. कॅमेरा स्थिर होता. नवरी पुसट आणि तिच्या मागच्या खुर्चीचे कापड मात्र धागा न् धागा स्पष्ट, असे असेल तर फोकस चुकीच्या जागी बसला आहे. आणि सगळा फोटो सारखाच दुधाळ, दिव्यांभोवती प्रभा पसरलेली, पण कोणतीही ओढ नाही, असे असेल तर लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा किंवा पावसाळ्यातली वाफ बसली आहे. मोबाइलच्या बाबतीत हे फार वेळा घडते आणि मऊ सुती कापडाने पुसले की काम होते. या चारांपैकी पहिल्या प्रकाराबद्दलच मला आज मुख्यतः लिहायचे आहे.

हात किती हलला की फोटो बिघडतो, याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. सर्वसाधारण २४ मेगापिक्सेलच्या, लेन्स बदलता येणाऱ्या (डीएसएलआर किंवा मिररलेस) कॅमेऱ्यात, ज्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, साधारण २३.५ मिलिमीटर रुंद असतो, त्या रुंदीत ६००० पिक्सेल बसवलेले असतात. म्हणजे एकेक पिक्सेल ४ मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंचित लहान. त्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावली तर कॅमेरा एका अंशाच्या सुमारे सव्वादोनशेव्या भागाइतका कलला तरी प्रतिमा एक पिक्सेल सरकते. तीच लेन्स २०० मिलिमीटरची असेल तर अंशाचा नऊशेवा भाग पुरेसा होतो. झूम करून दूरचे दृश्य जवळ आणले की आपल्या हाताचा कंपही त्याच पटीने मोठा होतो, आणि म्हणूनच राजहंसगडावरून खालच्या शेतातली माणसे टिपताना फोटो हलतो, पण त्याच जागेवरून त्याच हाताने काढलेले गडाच्या बुरुजाचे रुंद दृश्य ठीक येते.

फिल्मच्या काळापासून छायाचित्रकार एक ठोकताळा वापरत आले आहेत: शटरचा वेळ, म्हणजे प्रकाश आत येण्याची मुदत, लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याने सेकंदाला भागून येईल त्यापेक्षा जास्त नसावा. ५० मिलिमीटरला १/५० सेकंद, २०० मिलिमीटरला १/२००. सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असेल (वरचा २३.५ मिलिमीटरचा तसाच), तर त्या आकड्याला आधी दीडने गुणावे लागते (काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत १.६ ने), म्हणजे २०० मिलिमीटरची लेन्स प्रत्यक्षात ३०० सारखी धरून १/३२० सेकंद ठेवावे लागते. हा ठोकताळा ज्या काळात रूढ झाला त्या काळात लोक पोस्टकार्डाएवढ्या किंवा फार तर वहीच्या पानाएवढ्या प्रिंट हातात धरून पाहत. आज आपण पडद्यावर दोन बोटांनी फोटो फाकवून एकेक पापणी मोजतो. त्यामुळे प्रकाश पुरेसा असेल तेव्हा मी ठोकताळ्याच्याही निम्मा वेळ ठेवतो, आणि तुम्हीही ठेवावा असे सुचवतो.

पण आकड्यांच्या आधी शरीर येते, आणि शरीराबद्दल मला जे कळले ते छायाचित्रणाच्या वर्गात कळलेले नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल केंद्र आहे. या भागातल्या कितीतरी घरांत पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला एखादा माणूस असतो, तसे आमच्या घरी थोरले मामा. कॅमेरा त्यांनी आयुष्यात फारसा हाताळला नाही. पण मी फोटो काढत असताना माझी उभे राहण्याची पद्धत पाहून ते म्हणाले, “कोपरं अशी पंखागत पसरून नेम धरतात होय रे? बरगडीला लाव ती.” मग त्यांनी रायफल धरण्याच्या पद्धती दाखवल्या: उभे राहून, गुडघा टेकून, बसून, पालथे पडून. नेमबाज ज्या कारणासाठी हे सगळे शिकतो त्याच कारणासाठी छायाचित्रकारानेही ते शिकावे, कारण दोघांचाही प्रश्न एकच असतो: बोट हलवायचे, बाकी काहीही हलवायचे नाही.

उभे राहून फोटो काढताना पाय खांद्याइतके फाकवून एक किंचित पुढे ठेवावा. डावा तळहात वर करून त्यावर लेन्सचे आणि कॅमेऱ्याचे वजन घ्यावे; बाजूने चिमटीत धरलेली लेन्स नेहमी डुलते. दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवावीत. कॅमेऱ्याला डोळा लावून पाहण्याचा व्ह्यूफाइंडर असेल तर तोच वापरावा, कारण त्यामुळे कॅमेरा कपाळाला आणि गालाला टेकतो आणि दोन हातांच्या जोडीला तिसरा आधार मिळतो. हात लांब करून पाठीमागच्या पडद्याकडे पाहत फोटो काढणे ही सर्वांत डळमळीत पद्धत आहे, आणि आज सर्वाधिक लोक तीच वापरतात. व्ह्यूफाइंडर नसेल तर गळ्यातला पट्टा मानेमागून ताणला जाईल इतका कॅमेरा पुढे ढकलावा. पट्ट्याचा तो ताणच आधाराचे काम करतो.

गुडघा टेकून बसताना मामांनी एक बारकावा दाखवला, तो मी अनेक ठिकाणी सांगत आलो आहे. कोपराचे हाड गुडघ्याच्या वाटीवर ठेवायचे नाही, कारण हाडावर हाड घसरते. कोपर थोडे पुढे नेऊन दंडाचा मांसल भाग गुडघ्यावर टेकवायचा. जमिनीवर मांडी घालून बसलात आणि दोन्ही कोपरे दोन्ही मांड्यांवर टेकवलीत तर त्याहूनही स्थिर. आपल्याला पंगतीला, भजनाला खाली बसायची सवय असते. ती इथे उपयोगी पडते. नामकरणाचे, हळदीचे, भजनाचे फोटो काढताना मी सरळ खाली बसतो, आणि त्यामुळे बसलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या पातळीवर येण्याचा फायदाही मिळतो.

श्वासाबद्दल पुष्कळ जण सांगतात की तो रोखून धरावा. छाती भरून श्वास घेऊन रोखला तर थोड्याच वेळात हात थरथरू लागतात आणि छातीचे ठोके जाणवतात. मामांची पद्धत अशी: एकदा नेहमीसारखा श्वास घ्यायचा, निम्मा सोडायचा, आणि जी नैसर्गिक विश्रांती येते तेवढ्यात काम करायचे. आणि मग सर्वांत महत्त्वाची गोष्ट, बोट. “घोडा ओढायचा नाही,” ते म्हणाले, “हळूहळू दाबत जायचा. गोळी कधी सुटली ते तुझं तुलाच कळता कामा नये.” कॅमेऱ्याचे बटण दोन टप्प्यांचे असते, अर्धे दाबले की फोकस लागतो, पूर्ण दाबले की फोटो निघतो. बहुतेक लोक वरून टिचकी मारल्यासारखे एका झटक्यात ते खाली नेतात, आणि त्या झटक्याने कॅमेऱ्याची उजवी बाजू नेमक्या त्याच क्षणी खाली जाते ज्या क्षणी शटर उघडलेले असते. अर्ध्यावर थांबावे, फोकस लागू द्यावा, बोट बटणावरून न उचलता दाब वाढवत न्यावा, आणि फोटो निघाल्यावरही क्षणभर तसेच राहावे. माझ्या अनुभवात हातातल्या कॅमेऱ्याने हललेल्या फोटोंचा सर्वांत मोठा वाटा या एका बोटाचा असतो. कॅमेऱ्यात एकामागोमाग फोटो घेण्याची सोय असेल तर तीन-चार सलग घ्यावेत. पहिल्यात बोट दाबल्याचा आणि शेवटच्यात ते उचलल्याचा हिसका येतो, मधला बहुधा सर्वांत चांगला निघतो.

शरीर जिथे अपुरे पडते तिथे भिंत, खांब, दगड आहेतच. आमच्या भागातली जुनी देवळे ही याची खरी शाळा आहे. खानापूर तालुक्यातली हलशी ही एके काळी कदंब राजांची पलाशिका नगरी. तिथल्या भूवराह-नरसिंह मंदिरात भर दुपारीही आत गेल्यावर डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या १८-५५ लेन्सचे तोंड एफ ३.५ पर्यंत पूर्ण उघडून (एफचा आकडा जितका लहान तितके तोंड मोठे) आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनक्षमता, १६०० ठेवूनही अशा गाभाऱ्याबाहेरच्या अंधारात १/२० सेकंदाच्या आसपास वेळ येतो. तेव्हा पाठ आणि डोके खांबाला टेकवून उभे राहावे, किंवा कॅमेराच खांबाच्या बाजूला दाबून धरावा. अर्थात कोरीव भागाला, देवाच्या चौकटीला अंग लावू नये. साधा, सपाट दगड पाहावा.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती त्याहून वेगळा प्रश्न घालते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली हे जैन मंदिर बांधवले, आणि त्याचे नाव ज्यावरून पडले ते दगडी कमळ छतात आहे. छताकडे कॅमेरा रोखून मान मागे टाकली की कोपरे बरगडीपासून सुटतात, तोल जातो, आणि ठोकताळे पाळूनही फोटो हलतो. यावरचा उपाय इतका सोपा आहे की लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही: तिथल्या माणसांची परवानगी घेऊन कॅमेरा पाठीवर, लेन्स वर करून, घडी घातलेल्या रुमालावर जमिनीवर ठेवावा, सेल्फ-टायमर लावावा आणि बाजूला व्हावे. मग शटर एक सेकंद उघडे राहिले तरी बिघडत नाही, आयएसओ १०० वर आणता येतो आणि पाकळ्यांवरच्या छिन्नीच्या खुणाही उमटतात. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉडसाठी वेगळी परवानगी लागते. जमिनीवर रुमाल अंथरायला सहसा कोणी हरकत घेत नाही.

कठड्यावर, बोनेटवर, दगडावर कॅमेरा टेकवायचा असेल तर जोंधळ्याने किंवा तांदळाने तीन-चतुर्थांश भरलेली जाड कापडाची छोटी पिशवी सोबत असावी. पूर्ण गच्च भरली तर कॅमेरा तिच्यात रुतत नाही, म्हणून थोडी सैल ठेवावी. कॅमेऱ्याच्या बुडाला ट्रायपॉडसाठी जे भोक असते त्याचा स्क्रू पाव इंच जाडीचा आणि इंचाला २० आट्यांचा असतो; तसा आखूड स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात मिळाला तर त्याला सुतळी बांधून तिचे दुसरे टोक पायाखाली दाबावे आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताणावी. वरखाली होणारा कंप याने चांगलाच आवरतो. स्क्रू जास्त आत फिरवू नये, एवढी काळजी घ्यावी.

लेन्समधल्या किंवा कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणाबद्दल दुकानात फार बोलले जाते, आणि ते तंत्र खरोखरच मोलाचे आहे. कॅननने १९९५ साली अशी सोय असलेली ७५-३०० मिलिमीटरची लेन्स बाजारात आणली; २००३ साली मिनोल्टाने सेन्सरच हलवून कंप भरून काढणारा डिजिटल कॅमेरा आणला. दोन्हींत तत्त्व एकच आहे: आतला सूक्ष्म जायरो हाताचा कंप मोजतो आणि लेन्समधले एक भिंग किंवा सेन्सर उलट दिशेला सरकवला जातो. कंपनी जेवढे स्टॉप सांगते तेवढ्या वेळा शटरचा वेळ दुप्पट करता येतो. चार स्टॉप म्हणजे १/६० च्या जागी १/४ सेकंद. ही मोजमापे प्रयोगशाळेत, ठरावीक कंप देणाऱ्या यंत्रावर होतात, म्हणून मी स्वतः जाहीर आकड्यातून दोन स्टॉप वजा करून चालतो. शिवाय बटण अर्धे दाबल्यावर स्थिरीकरण सुरू होऊन स्थिरावायला थोडा अवधी लागतो. म्हणजे झटक्याने बटण दाबणाऱ्याला या महागड्या सोयीचाही पूर्ण फायदा मिळत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर असताना ते बंद करावे, विशेषतः लेन्स जुनी असेल तर, कारण नसलेला कंप शोधताना ती यंत्रणा कधीकधी स्वतःच प्रतिमा हलवते.

स्थिरीकरण समोरच्या माणसाला थांबवू शकत नाही, हे मात्र नीट लक्षात घ्यायला हवे. मिरवणुकीत लेझीम, झांज, ढोल चालू असताना हात गोठवायचे असतील तर १/२५० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ हवाच, आणि तो मिळवण्यासाठी एफ १.८ ची साधी ५० मिलिमीटरची लेन्स आणि आयएसओ १६०० ते ३२०० हा माझा पहिला पर्याय असतो. आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात म्हणून लोक तो वाढवायला घाबरतात. दाण्यांमधून चेहरा ओळखता येतो. हललेल्या फोटोतून येत नाही. जुलैत जांबोटी-कणकुंबीच्या जंगलात, वर ढग आणि झाडी दोन्ही दाटलेली असताना, एफ ५.६ आणि आयएसओ ४०० ला १/३० सेकंदाच्या आसपासच वेळ मिळतो, तोही दिवसा. तिथे आयएसओ १६०० करून १/१२५ मिळवणे हे शहाणपणाचे आहे.

ट्रायपॉडविषयी थोडेच लिहितो, कारण तो ज्याच्याकडे असतो त्याला तो वापरायचा कंटाळा येतो. मधला दांडा वर काढू नये, जाड पाय आधी उघडावेत, वाऱ्यात मधल्या हुकाला पिशवी अडकवावी, आणि शटर हाताने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावावा. पण ट्रायपॉड ज्यावर उभा आहे ती जमीनच हलत असेल तर त्याचा उपयोग शून्य. गोकाकच्या धबधब्याजवळ घटप्रभेवर जो झुलता पूल आहे, त्याच्यावर माणसे चालू लागली की तो हलतो, आणि ट्रायपॉड त्याच्यासोबत. सुमारे ५२ मीटर खाली कोसळणारे ते पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून अर्ध्या सेकंदाचा फोटो काढायचा असेल तर पुलावरून उतरून पक्क्या खडकावर, कड्यापासून सुरक्षित अंतरावर जागा शोधावी. पुलावरून काढायचाच असेल तर हातात कॅमेरा घेऊन, गुडघे किंचित वाकवून, १/५०० सेकंदाने काढावा; तेव्हा शरीर पुलाचा हेलकावा झेलते.

मोबाइलवर हे सगळे लागू होते, फक्त पकड बदलते. फोन आडवा धरून दोन्ही हातांच्या बोटांत घ्यावा, कोपरे छातीशी, आणि पडद्यावरचे बटण ठोकण्याऐवजी आवाज कमी-जास्त करायचे बाजूचे बटण हळू दाबावे किंवा तीन सेकंदांचा टायमर लावावा. नाइट मोडमध्ये फोन एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते जुळवतो, त्यामुळे पडद्यावरची खूण संपेपर्यंत हात खाली आणायचा नाही. दोन बोटांनी झूम करण्यापेक्षा चार पावले पुढे जाणे नेहमीच बरे.

मोबाइलचा एक उपयोग मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्यात स्थिरता सर्वांत कडकपणे पाळावी लागते. सीमाभागातल्या अनेक मराठी घरांत ट्रंकेत, देवघराच्या फळीवर मोडी लिपीतले कागद पडलेले आहेत: जमिनीचे, देण्याघेण्याचे, वतनाचे. ते कसर आणि ओल यांनी दरवर्षी थोडे थोडे जात आहेत, आणि मोडी वाचू शकणारा माणूस गावात नसल्यामुळे लोक फोटो काढून जाणकाराला पाठवतात. मोडीत हात न उचलता लिहिलेली, एकमेकांत गुंतलेली वळणे असतात. फोटो केसभर हलला की दोन वळणे एकमेकांत मिसळतात आणि वाचणारा हात टेकतो. अशा कागदासाठी फोन हातात धरूच नये. कागद खिडकीजवळ, थेट ऊन येणार नाही अशा ठिकाणी सपाट पाटावर ठेवावा. दोन सारख्या उंचीच्या डब्यांवर किंवा पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर एक फळी आडवी टाकून तिच्या कडेवर फोन असा ठेवावा की त्याचा कॅमेरा बाहेर येईल आणि फोन कागदाला समांतर राहील. मागच्या टोकावर काहीतरी वजन ठेवावे. फ्लॅश बंद, टायमर सुरू, पंखा बंद, कारण वाऱ्याने कागदाची कड उडते आणि तेवढाच कोपरा पुसट येतो. मोठा कागद दोन-तीन भागांत, एकमेकांवर थोडे चढतील असे घ्यावा. फोटो निघाला की लगेच पूर्ण मोठा करून चारही कोपऱ्यांतल्या आणि मधल्या अक्षरांची धार तपासावी, आणि त्यानंतरच कागदाची घडी घालून तो ट्रंकेत परत ठेवावा.